प्रवेशपरीक्षेचा दुसरा प्रयत्न : भाषाविभागाच्या सरावाचे साहित्य कोठे मिळवावे, कसे वापरावे?

पदवी संपादन केल्यानंतर पुढील शिक्षणासाठी परदेशी, विशेषतः अमेरिकेतील विद्यापीठांत जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना 'ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन' म्हणजेच जी.आर.ई. ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही जुन्या विद्यापीठांच्या सहकार्याने या परीक्षेचा प्रारंभ झाला. पुढे १९४७ साली स्थापन झालेल्या 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' या संस्थेकडे तिचे काम आले. गणित, लेखन व भाषिक तर्कक्षमता असे या परीक्षेचे तीन विभाग आहेत. प्राथमिक शिक्षण मराठीतून घेतलेल्या, गणितात चांगली गती असलेल्या विद्यार्थ्याचे पाऊल बहुधा अडते ते भाषाविभागात, आणि त्यामुळेच परीक्षा दुसऱ्यांदा देण्याचा विचार पुढे येतो.

दुसऱ्या प्रयत्नात एक अडचण असते, तिची जाणीव पालकांना व शिक्षकांना क्वचितच असते. पहिल्या खेपेस विद्यार्थ्याने विश्वासार्ह प्रश्नसंच बहुतेक सोडवून संपविलेले असतात. परीक्षेचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चात सहज जाणवण्याइतके असते. ते दुसऱ्यांदा भरल्यावर सरावासाठी काय उरते, या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्याने विद्यार्थी हाती लागेल ते पुस्तक व सापडेल ती शब्दयादी विकत घेतो. दोन-तीन महिन्यांच्या श्रमांनंतर गुण जेथल्या तेथेच राहतात. हे टाळता यावे यासाठी सरावसाहित्याची माहिती व ते वापरण्याची रीत येथे दिली आहे.

प्रथम गरजेची खात्री

पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी पडताळून पाहाव्यात. पहिली, ज्या विभागात प्रवेश हवा आहे तेथे ही परीक्षा आवश्यक आहे काय? २०२० पासून अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या अनेक विभागांनी जी.आर.ई.ची अट काढून टाकली किंवा ऐच्छिक केली आहे. काही विभागांनी ती पुन्हा लागू केली आहे. हा निर्णय विभागवार घेतला जात असल्याने एकाच विद्यापीठात अर्थशास्त्रासाठी परीक्षा आवश्यक आणि इतिहासासाठी अनावश्यक, असे असू शकते. दुसरी, भाषाविभागाचे गुण त्या शाखेत कितपत विचारात घेतले जातात? अभियांत्रिकीच्या उमेदवाराने भाषेतील चार गुणांसाठी तीन महिने घालविण्याऐवजी तेच दिवस प्रवेशार्जातील निवेदन नीट लिहिण्यात घालविणे अधिक हितावह ठरू शकते.

परीक्षा दोनदा देण्यात कमीपणा नाही. दोन प्रयत्नांत किमान २१ दिवसांचे अंतर असावे आणि सलग बारा महिन्यांच्या कालावधीत पाचपेक्षा अधिक वेळा परीक्षा देता येऊ नये, असा नियम आहे. गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. कोणत्या दिवशीच्या परीक्षेचे गुण विद्यापीठाकडे पाठवावयाचे, हे ठरविण्याची मुभाही उमेदवारास असते. यास्तव पहिल्या प्रयत्नातील गुण कमी पडले म्हणून वाट कायमची बंद झाली, असे समजण्याचे कारण नाही. मात्र २१ दिवसांचे अंतर ही नियमाची मर्यादा झाली. भाषेची समज वाढण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

परीक्षेचे आजचे स्वरूप

कोणते साहित्य उपयोगी आणि कोणते कालबाह्य, हे ओळखण्यासाठी परीक्षेतील दोन मोठे बदल ध्यानी घ्यावे लागतात.

ऑगस्ट २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे व शब्दसंबंधांचे स्वतंत्र प्रश्न वगळण्यात आले आणि २०० ते ८०० ही गुणश्रेणी जाऊन भाषा व गणित या दोन्ही विभागांसाठी प्रत्येकी १३० ते १७० ही श्रेणी आली. सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षा लहान करण्यात आली. आता भाषाविभागाचे दोन भाग असून पहिल्यात १२ प्रश्नांसाठी १८ मिनिटे व दुसऱ्यात १५ प्रश्नांसाठी २३ मिनिटे मिळतात. म्हणजे २७ प्रश्न आणि ४१ मिनिटे, सरासरी एका प्रश्नास सुमारे दीड मिनिट. पहिल्या भागातील कामगिरी पाहून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

प्रश्नांचे प्रकार तीन आहेत : रिकाम्या जागा भरून परिच्छेद पूर्ण करणे, वाक्याचा अर्थ समान राहील अशी शब्दांची जोडी निवडणे आणि उताऱ्याचे आकलन. २०२३ च्या बदलात प्रश्नांची संख्या व वेळ घटली, परंतु भाषाविभागातील प्रश्नांचे प्रकार कायम राहिले. म्हणून २०११ नंतर प्रसिद्ध झालेली भाषाविभागाची चांगली पुस्तके आजही वापरण्याजोगी आहेत. वेळेचा हिशेब तेवढा नव्याने मांडावा लागतो.

प्रश्न नेमके काय तपासतो?

या विभागात शब्दसंग्रह तपासला जातो, हा समज सर्वत्र आढळतो, पण तो अर्धाच खरा आहे. एक मराठी उदाहरण घेऊ :

'ग्रंथपालाने नव्या नियमांचे जाहीरपणे स्वागत केले असले, तरी ते अमलात आणण्यातील त्याची ____ पाहता ते स्वागत मनापासूनचे होते असे म्हणता येत नाही.'

रिकाम्या जागेसाठी तत्परता, शीघ्रता, चालढकल, दिरंगाई, पारदर्शकता व विद्वत्ता असे सहा पर्याय दिले आणि त्यांतील दोन निवडावयास सांगितले, तर मराठी वाचक क्षणभरही अडणार नाही. 'केले असले, तरी' या शब्दांशी वाक्य वळण घेते आणि 'म्हणता येत नाही' या शब्दांनी ते वळण पक्के होते. चालढकल व दिरंगाई हीच जोडी तेथे बसते. तत्परता व शीघ्रता हीदेखील समानार्थी जोडी आहे, पण ती वाक्याच्या अर्थाविरुद्ध जाते. ज्या विद्यार्थ्याने पर्यायांत केवळ समानार्थी शब्द शोधले, तो या दुसऱ्या जोडीत फसण्याचा संभव अधिक. दोन्ही शब्द बरोबर असतील तरच गुण मिळतो, अर्ध्या उत्तरास काहीही मिळत नाही.

इंग्रजी वाक्यातील 'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'हाउएव्हर', 'फार फ्रॉम' हे शब्द म्हणजे अशीच वळणाची ठिकाणे होत. ती वाक्य वाचताना आपोआप दिसू लागणे हे सरावाचे उद्दिष्ट असले पाहिजे. शब्दांचे अर्थ पाठ करून ते साधत नाही.

ओळखीचे वाटणारे शब्दही घात करतात. सरकारी कार्यालयात 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, हे शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांना ठाऊक असते. परंतु हाच शब्द इंग्रजीत निर्बंध किंवा दंड या जवळजवळ उलट अर्थानेही वापरला जातो. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे, तसेच एखाद्या विधानास मर्यादा घालणे. 'अरेस्ट' म्हणजे अटक, तसेच वाढ रोखणे. 'फ्लॅग' म्हणजे निशाण, तसेच उत्साह मंदावणे. अवघड शब्दांच्या हजारांच्या यादीपेक्षा अशा परिचित शब्दांच्या अपरिचित अर्थांची शंभर-दीडशे शब्दांची वही अनेकदा अधिक कामाची ठरते.

अधिकृत साहित्य : थोडे, परंतु मोलाचे

परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच तयार केलेले प्रश्न हे सर्वांत विश्वासार्ह साहित्य होय. या प्रश्नांत बरोबर पर्याय का बरोबर आणि इतर का चूक, याला नेमके कारण असते. इतर प्रकाशकांच्या प्रश्नांत ही शिस्त नेहमीच आढळत नाही. सदोष प्रश्नांवर सराव केल्यास विद्यार्थ्याची स्वतःची बरोबर विचारपद्धती बिघडण्याचा धोका असतो.

संस्थेच्या संकेतस्थळावर 'पॉवरप्रेप' या नावाने दोन संपूर्ण नमुना चाचण्या विनामूल्य मिळतात. केवळ भाषाविभागापुरते पाहिले तरी त्यांत ५४ प्रश्न होतात. याशिवाय सशुल्क चाचण्या आहेत, पण विकत घेतलेली चाचणी एकदाच सोडविता येते. पुस्तकरूपात परीक्षेचे अधिकृत मार्गदर्शक आणि भाषाविभागाचे सुमारे १५० प्रश्न असलेले स्वतंत्र पुस्तक उपलब्ध आहे. अंध, अंशतः अंध वा अन्य दिव्यांग उमेदवारांसाठी संस्था सरावसाहित्य सुलभ स्वरूपांतही पुरविते. शिक्षकांनी ही गोष्ट अशा विद्यार्थ्यांच्या निदर्शनास अवश्य आणावी.

पहिल्या प्रयत्नात हे सर्व वापरून झाले असेल, तरी ते टाकाऊ होत नाही. त्याचा उपयोग मात्र बदलतो. आधी सोडविलेल्या चाचणीत पुन्हा मिळालेले गुण खरे मानू नयेत, कारण त्यांत स्मरणाचा वाटा असतो. तेच प्रश्न अभ्यासासाठी घ्यावेत आणि प्रत्येक प्रश्नातील चूक पर्याय का चूक आहेत, हे वहीत एकेका वाक्यात लिहावे. पाच पर्यायांच्या प्रश्नातून अशी चार वाक्ये निघतात. ज्या प्रश्नाचे उत्तर स्मरणात आहे, पण कारण लिहिता येत नाही, तो प्रश्न अद्याप समजलेला नाही, असे मानावे. या रीतीने जुन्या दीडशे प्रश्नांतून मिळणारा लाभ नव्या हजार सामान्य प्रश्नांतून मिळत नाही. न सोडविलेली एखादी चाचणी शिल्लक असेल, तर ती परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवावी.

जुन्या पुस्तकांतून काय घ्यावे?

ग्रंथालयांत व जुन्या पुस्तकांच्या दुकानांत या परीक्षेची २०११ पूर्वीची पुस्तके पुष्कळ दिसतात. ती सरसकट घेऊ नयेत आणि सरसकट टाकूही नयेत.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात २७ जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक जाडजूड संग्रह प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांत तो 'बिग बुक' या नावाने ओळखला जातो. त्यातील भाषेच्या एका भागात ३८ प्रश्न असत : वाक्य पूर्ण करण्याचे ७, शब्दसंबंधांचे ९, उताऱ्यांवरील ११ आणि विरुद्धार्थी शब्दांचे ११. शब्दसंबंध व विरुद्धार्थी शब्द आता परीक्षेत नाहीत, म्हणजे ३८ पैकी २० प्रश्न वगळावे लागतात. परंतु उताऱ्यांवरील ११ प्रश्न आजही तितकेच उपयुक्त आहेत. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत भाषेचे दोन भाग धरले, तर केवळ उताऱ्यांवरील जवळपास सहाशे अधिकृत प्रश्न या एका पुस्तकातून मिळतात. दुसऱ्या प्रयत्नाच्या उमेदवारास एवढा मोठा अस्पर्शित साठा अन्यत्र सहसा सापडत नाही.

भगिनी परीक्षांचे साहित्य

आकलनाच्या सरावासाठी इतर परीक्षांचे अधिकृत प्रश्नही घेता येतात. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या 'कॅट' परीक्षेतील इंग्रजी उतारे विचारप्रधान असतात आणि तिच्या मागील प्रश्नपत्रिका सहज मिळतात. त्या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरास गुण कापले जातात, हा फरक ध्यानी ठेवावा. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या 'एल-सॅट' परीक्षेतील उतारे व युक्तिवादाचे प्रश्न अधिक कठीण असतात, पण विधानामागील गृहीतक शोधण्याचे शिक्षण त्यांतून उत्तम मिळते. तिच्या काही नमुना चाचण्या विनामूल्य उपलब्ध आहेत. व्यवस्थापन शिक्षणाच्या 'जीमॅट' परीक्षेतील लहान परिच्छेदांवरील युक्तिवादाचे प्रश्नही जी.आर.ई.शी जुळतात. तिच्या जुन्या पुस्तकांतील व्याकरणशुद्धीचे प्रश्न मात्र सोडून द्यावेत, तसे प्रश्न जी.आर.ई.त येत नाहीत.

परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवणीतून उतरवून काढलेले 'खरे प्रश्न' विकत देऊ करणारेही आढळतात. परीक्षेतील प्रश्न बाहेर सांगणे वा पसरविणे हा नियमभंग असून त्यामुळे गुण रद्द होऊ शकतात. शिवाय भाषेच्या प्रश्नातील एक अव्यय बदलले तरी उत्तर बदलते. आठवणीतून लिहिलेल्या प्रश्नावर विसंबणे म्हणजे पैसे देऊन चुकीचे शिकणे होय. अमुक इतके गुण मिळवून देण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींबाबतही पालकांनी हीच सावधगिरी बाळगावी.

वाचन : विनामूल्य व टिकाऊ साधन

परीक्षेतील उतारे विज्ञान, समाजशास्त्रे, इतिहास, कला व साहित्यसमीक्षा या विषयांतून घेतलेले असतात. त्यांत लेखक दुसऱ्याचे मत मांडतो, त्यातील उणीव दाखवितो आणि मग स्वतःचे मत सावधपणे पुढे करतो. अशा गद्याची सवय नसणे, हेच पुष्कळदा कमी गुणांचे मूळ कारण असते.

या वाचनासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकातील लेख या जातीचे असतात. गोव्यात जन्मलेले आणि हार्वर्ड विद्यापीठात शिकलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा १९६२ साली प्रसिद्ध झालेला 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हा निबंधसंग्रह, कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे इंग्रजी ग्रंथ, इरावती कर्वे यांचे समाजशास्त्रीय लेखन, हे सर्व असेच युक्तिवादपूर्ण गद्य आहे. डॉ. आंबेडकरांचे समग्र इंग्रजी लेखन महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केले आहे. विषय परिचयाचा आणि भाषा इंग्रजी, असा हा योग आपल्याकडील विद्यार्थ्यास विशेष सोयीचा आहे.

पणजी येथील पाटो भागातील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे १८३२ साली स्थापन झालेले देशातील अतिशय जुने सार्वजनिक ग्रंथालय होय. नावेली येथील डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स जिल्हा ग्रंथालय आणि ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाचे ग्रंथालय यांचाही लाभ घेता येतो. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय अंकीय ग्रंथालयातील साहित्य घरबसल्या पाहता येते. अमेरिकेतील शिक्षणासंबंधी मार्गदर्शनासाठी 'युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन' या संस्थेचे कार्यालय मुंबईत आहे.

दररोज एक लेख वाचून तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : लेखक कोणाचे मत खोडत आहे? तो कोणत्या शब्दापाशी वळतो? आपल्या मतास तो कोणती मर्यादा घालतो? उत्तरे मराठीत लिहिली तरी चालतील. परकी भाषेतील युक्तिवाद स्वभाषेत नेमका मांडता येणे, हा तो समजल्याचा भरवशाचा पुरावा होय.

दहा आठवड्यांची आखणी

पहिले दोन आठवडे जुन्या चुका तपासण्यात घालवावेत. प्रत्येक चुकीसमोर तिचे कारण लिहावे : शब्द ठाऊक नव्हता, वळण दिसले नाही, उताऱ्यात नसलेले गृहीत धरले, की वेळ पुरला नाही. बहुतेक चुका एक-दोन कारणांतच गोळा झालेल्या आढळतात. पुढील सहा आठवडे त्या कारणांनुसार सराव करावा. शब्द कमी पडत असतील तर शब्दांची वही, उतारे कठीण जात असतील तर जुन्या संग्रहातील दोन उतारे रोज. प्रारंभी वेळेचे बंधन नसावे. अचूकता आल्यावर घड्याळ लावावे. शेवटचे दोन आठवडे राखून ठेवलेल्या संपूर्ण चाचण्यांसाठी असावेत आणि त्या संगणकावर, एका बैठकीत सोडवाव्यात, कारण दुसऱ्या भागाची बदलती काठिण्यपातळी छापील पुस्तकात अनुभवता येत नाही.

एका चाचणीत दोन गुण वाढले किंवा घटले, तर त्यावरून अनुमान काढू नये. तेवढा चढउतार कोणत्याही मोजमापात स्वाभाविकपणे असतो.

शिक्षक व ग्रामस्थ यांचा वाटा

महाविद्यालयातील इंग्रजीच्या प्राध्यापकाने आठवड्यातून एक तास दोन-चार विद्यार्थ्यांसमवेत एकच उतारा वाचून त्यावर चर्चा केली, तर कोणत्याही महागड्या वर्गाइतका लाभ होऊ शकतो. गावच्या वाचनालयाने अधिकृत प्रश्नांच्या पुस्तकाची एक प्रत घेतली, तर ती वर्षानुवर्षे अनेकांच्या कामी येईल. मात्र त्या पुस्तकात पेन्सिलीनेदेखील उत्तरे लिहू नयेत, असा नियम वाचनालयाने कटाक्षाने पाळावा. पुढील विद्यार्थ्यास ते प्रश्न कोरेच मिळाले पाहिजेत.